एकच हाक

ब्रश नलिनीबाईंचाच होता. मालनने तो लांबूनच ओळखला.

"हातात घेऊन नीट बघा, ताई," सबइन्स्पेक्टर कुंडलिक साळवे म्हणाले.

काथ्याचा ब्रश, लाकडी मूठ, मुठीला हिरव्या नाडीचा फास. काथ्यात पांढरं काहीतरी सुकून बसलं होतं. मालनने नखाने खरवडलं तर त्याचा भुगा झाला.

"तुमच्या नणंदेचाच?"

"हो."

"असे ब्रश बाजारात ढिगाने मिळतात."

"नाडी माझ्या परकराची आहे, साहेब."

साळवे खाकरले आणि दुसरीकडे बघू लागले.

शहाऐंशी सालचा डिसेंबर होता. आदल्या संध्याकाळी नलिनी परब कांदिवलीला भावाच्या घरी परतल्याच नाहीत. मालनने रात्री पोलिसांत वर्दी दिली. सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला: एक वस्तू सापडली आहे, ओळखायला या. आणि यायचं कुठे, तर अंधेरीला, मरोळच्या कारखान्यांमागे, गोऱ्यांच्या दफनभूमीत.

बाकीची माणसं मुंबईला आली की राणीची बाग बघतात, चौपाटीवर भेळ खातात. नलिनीबाई दफनभूमी बघत. जन्मभर कुडाळच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर दर थंडीत मुंबईला यायचं आणि जुन्या कबरी हिंडायच्या हा नाद लागला. पिशवीत ब्रश, पाण्याची बाटली, छत्री. दगड धुवायचा आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं. "कोण खंयचो आणि खंय येवन पडलो, बघ गो," त्या म्हणायच्या. "नाव कोणीतरी वाचावं म्हणून तर कोरतात. मग वाचायला नको?"

मालनला स्मशान, दफनभूमी, साधी तिरडी दिसली तरी धडधडायचं. बाई परत आल्या की ती त्यांना उंबऱ्याबाहेर उभी करून पायांवर पाणी ओतायची, आणि बाई हसत हसत ओतून घ्यायच्या. गेल्या वर्षी हट्टाने त्यांनी तिला एकदा शिवडीला नेलं होतं. निघताना मालन सवयीने तिथल्या राखणदाराला "येते हं" म्हणाली, तर बाईंनी तिच्या दंडावर चापट मारली. "मसणातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, ठाऊक नाही?" मालन म्हणाली, "तुम्ही कधीपासून हे असलं मानायला लागलात?" त्यावर बाई गंभीर झाल्या होत्या. "भुतं मानत नाही मी. पण मेलेल्यांना उगाच आशा लावू नये. आपण गप निघावं." मग वडापाव खाऊन दोघी घरी आल्या.

त्या बाई आता हरवल्या होत्या. मालनचा नवरा, लवू, जमिनीच्या कामासाठी गावी गेला होता, तो उद्या सकाळच्या एसटीने यायचा होता. त्याला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होताच, पण खरं दुखणं वेगळं होतं. मालन लहान असताना बापाने शाळेतून काढली होती. तेव्हा याच बाई तिच्या दारात येऊन बापाशी भांडल्या होत्या आणि तिला परत वर्गात घेऊन गेल्या होत्या. पुढे आपल्या धाकट्या भावासाठी त्यांनीच तिला मागणी घातली. लग्नात लवूने तिचं नाव बदलून मालन ठेवलं. बाईंना ते कधी जमलंच नाही. त्या तिला माहेरच्या नावानेच हाक मारायच्या: जया. आणि लाडात आल्या की, जये. मालनही त्यांना वन्सं म्हणायला शिकली नाही. बाई त्या बाईच राहिल्या.

*

राखणदार गुणाजी फाटकाजवळच्या झोपडीपुढे उकिडवा बसला होता. मालवणकडचा म्हातारा, डोळे लाल.

"ब्रश कुठे मिळाला?" साळव्यांनी विचारलं.

"वाटेर, नळाकडे. सकाळी दिसलो म्हणान उचललंय."

"काल बाई आली होती?"

"इली हुती. दुपारची. माका म्हणाली, गुणाजी, बरो असंस मां?"

"गेली कधी?"

"माका म्हायत नाय. मी जेवूक गेल्लंय. थयसून येवन झोपलंय."

"ती एकटी आत, आणि तू झोपलास? राखणदार ना रे तू?"

"बाई जातत त्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मी जानंय नाय, साहेब."

"का?"

गुणाजीने मालनकडे पाहिलं. आपल्याकडची बाई आहे, हिला कळेल, अशा आशेने तो तिलाच सांगू लागला. "थंयचे दगड रडतत, बाय. गेल्या म्हयन्यात अवकाळी पाऊस पडलो नाय? सकाळी बघलंय तर दगडांका पांढरी आसवां. खाली थारोळां साचलेलां. पाथरवट रतन म्हणता, गोऱ्यांची बाळां मेली ती थंय पुरली हत. तीं दूध मागतत."

मालनच्या अंगावर सरसरून काटा आला. साळवे मात्र त्याच्या तोंडाचा वास घेत होते.

"दारू पितोस?"

"भय वाटता तेव्हा पितंय."

"आणि भय कधी वाटतं?"

"रोज," गुणाजी म्हणाला.

रतनची शेड फाटकाबाहेर, दफनभूमीच्या भिंतीला टेकूनच होती. रतन दगडावर अक्षरं कोरायचा. नव्या बिल्डिंगांच्या पाट्या, डॉक्टरांच्या पाट्या, दुसऱ्या दफनभूम्यांसाठी नावांचे दगड. शेडमध्ये एक भलंमोठं सिंहाचं पांढरं तोंड आणि राजवाड्याचा अर्धा खांबही पडला होता.

"स्टुडिओचा माल," मालन बघतेय हे पाहून तो म्हणाला. "पिक्चरवाल्यांचीपण कामं करतो मी. उचलून बघा ताई, हलकं फूल आहे."

मालनने उचलून पाहिलं नाही. तिचं लक्ष भिंतीजवळच्या बादलीकडे होतं. बादलीत कोरा चहा होता, थंडगार, वर चोथा तरंगत होता. एवढा चहा हा एकटा माणूस कधी पिणार, असा एक बायकी विचार तिच्या मनात आला आणि गेला.

"बाईंना ओळखायचास?" साळव्यांनी विचारलं.

"म्हणजे काय, साहेब! झकास बाई. एकेक दगड असा घासायची ना, की वाटावं हिच्याच घरातला आहे."

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल ऊन उतरलं तेव्हा. मी इथेच पाटी कोरत होतो. फाटकातून बाहेर आल्या, छत्री मिटली. मला म्हणाल्या, 'येते हं रतनभाऊ.' रिक्षात बसल्या आणि गेल्या स्टेशनकडे."

"रिक्षाचा नंबर?"

"ते कोण बघतं, साहेब."

"गुणाजी तेव्हा कुठे होता?"

"आतच असेल. माझ्या तोंडून वदवू नका, साहेब. पण त्या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, एवढं सांगतो."

साळव्यांनी मान हलवली आणि हवालदाराला घेऊन ते गुणाजीच्या झोपडीची झडती घ्यायला गेले. "ताई, तुम्ही आत एक फेरी मारा," ते जाता जाता म्हणाले. "त्यांची आणखी काही वस्तू दिसते का बघा. तुम्हाला ओळखू येईल."

आत फेरी मारा! पण बाईंसाठी जायचंच होतं. मालनने पदर घट्ट खोचला, मनात वेतोबाचं नाव घेतलं आणि आत शिरली.

"मी येतो ना सोबत," रतन मागून म्हणाला.

*

सकाळचं लख्ख ऊन होतं, तरी तिला भीती वाटत होती. गवत कमरेपर्यंत वाढलेलं. त्यातून दगडी क्रूस डोकं काढून उभे. रेल्वे बांधायला आलेले, पलटणीतले, तापाने मेलेले, बाळंतपणात गेलेल्या त्यांच्या बायका. थोड्या थोड्या वेळाने विमानतळाकडे उतरणारं विमान डोक्यावरून जायचं आणि दगडांवरून त्याची सावली सरकायची. दर सावलीला मालन दचकत होती.

बाईंची छत्री कुठे दिसेना. पिशवी नाही, चप्पल नाही. ती भिंतीकडच्या कोपऱ्याकडे वळली.

"तिकडे नका, ताई," रतन म्हणाला. "साप आहेत."

पण बाई त्याच कोपऱ्यात जायच्या हे गुणाजीच्या बोलण्यात आलं होतं. ती पुढे गेली. इथे आंब्याची दाट सावली होती. दगड चांगले मोठे, आडव्या रुंद लाद्या, काळपट तांबूस डागांच्या. पाय अडखळला म्हणून तिने एका उभ्या दगडाला हात टेकला आणि चटकन मागे घेतला. सावलीतला दगड हाताला गार लागायला हवा. हा लागला नाही. आत काहीतरी जिवंत असल्यासारखं तिला वाटलं.

"बाई इथेच यायच्या का हो?" ती विचारत होती, स्वतःचाच आवाज ऐकून धीर यावा म्हणून जरा मोठ्यानेच.

"जये!"

एकदाच. बारीक, ओढलेला, कुठून आला ते न कळणारा आवाज.

मालन जागच्या जागी थिजली. आवाज बाईंचा होता. नाव तिचं, माहेरचं, जे मुंबईत घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या ओठांवर "ओ" आला होता. पण लहानपणापासून आईने, आजीने, साऱ्या गावाने कानात भरलेलं एकदम वर आलं. अशा जागी कोणी एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. जो दुसऱ्यांदा हाक मारत नाही, तो माणूस नव्हे.

ती श्वास रोखून वाट बघत राहिली. दुसरी हाक आली नाही.

"काय झालं, ताई?" रतन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तुम्हाला काही ऐकू आलं?"

"कुठे काय? चला बाहेर. मलापण कामाला लागायचंय."

मालन धावली. साडी गवतात अडकली, फाटली, तरी ती थांबली नाही. फाटकापाशी पोचते तोवर रतनच्या शेडमधून छिन्नी-हातोड्याचा आवाज सुरू झाला होता. ठाण, ठाण, ठाण. कान फुटतील इतका.

साळव्यांना ती काही बोलली नाही. काय सांगणार? हाक बाईंच्या भुताने मारली होती, म्हणजे बाई मेल्या होत्या. बोलून दाखवलं तर ते खरं होईल असं तिला वाटत होतं. तिला रडायला येत होतं आणि ती ते गिळत होती.

*

चौकीत गुणाजीला कोपऱ्यात बसवलं होतं. मालनपुढे चहाचा ग्लास ठेवलेला. हवालदार जबाब वाचून दाखवत होता, तिची सही हवी होती.

"'ऊन उतरल्यावर सदर बाई फाटकाबाहेर आल्या व 'येते हं रतनभाऊ' असे म्हणून रिक्षात बसून...'"

मालनचा हात हलला आणि चहा सांडला.

"परत वाचा."

हवालदाराने वैतागून परत वाचलं.

"साहेब, रतन खोटं बोलतोय."

साळव्यांनी मान वर केली. "कशावरून?"

"बाई तिथून निघताना 'येते' म्हणणार नाहीत. मसणातून निघताना तसं म्हणत नाहीत."

"सवयीने जातं तोंडातून, ताई. आपण सगळेच म्हणतो."

"माझ्या तोंडून जाईल. गेलंय. त्यांनी मला चापट मारली होती त्यावरून. त्या काही म्हणजे काही मानत नाहीत, पण हे एक पाळतात. गप निघतात. त्याने बाईंना निघताना पाहिलंच नाही, साहेब. बाईमाणूस निघताना काय बोलतं ते त्याने आपल्या मनाने घातलं."

साळव्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "एका शब्दावर मी माणूस उचलू? कोर्ट हसेल मला. बरं, ती बाहेर पडली नाही असं धरू. मग आहे कुठे?"

मालनची नजर टेबलावर होती. जबाबाचा पांढरा कागद चहाने भिजला होता आणि तेवढा भाग जुनापुराणा, तांबूस दिसत होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"ताई," साळव्यांचा आवाज उतरला, "आतून पळत आलात तेव्हापासून तुम्ही काहीतरी गिळून बसलाय. काय पाहिलंत?"

"पाहिलं नाही. ऐकलं."

आणि मग तिने सगळं सांगितलं. रडत, हुंदके देत, पदराने नाक पुसत. हाक. एकच. ओ दिली नाही ते. गुणाजी कोपऱ्यातून "माझे माये" म्हणाला.

साळवे हसले नाहीत. "कोणतं नाव घेतलं?"

"जया. जये अशी हाक."

"हे नाव रतनला माहीत?"

"नाही."

"गुणाजीला?"

"नाही हो. इथे कोणालाच नाही. फक्त बाईंना."

"मग ताई, भूत कशाला हवं मध्ये?" साळवे उठले, टोपी उचलली. "धर्म बदलला तेव्हाच आम्ही भुताखेतांचं सगळं सोडून दिलं, म्हणून मला सरळ दिसतंय. बाईंचा आवाज, बाईंनाच माहीत असलेलं नाव. बाई जिवंत आहेत. आणि त्या कोपऱ्यात आहेत."

मालन त्यांच्याकडे बघत राहिली. बाई जिवंत आहेत. म्हणजे सकाळी त्या जिवंत होत्या, आणि आपण पळालो. याआधी तिला भुताची भीती वाटत होती. आता वाटली ती त्याहून कितीतरी वाईट होती.

"पाणी लागेल, साहेब," ती दाराकडे धावत म्हणाली. "पुष्कळ पाणी. बादल्या घ्या."

*

हातोडा अजून चालूच होता. पोलिसांची जीप बघून तो थांबला.

"आता काय, साहेब?" रतन म्हणाला.

"ये आत," साळवे म्हणाले. हवालदाराने त्याचा दंड धरला.

गुणाजीच्या नळावर बादल्या भरल्या. मालनने पहिली बादली फाटकाजवळच्या कबरीवर ओतली. पाणी दगडावरून घसरून गवतात गेलं. दुसऱ्या दगडावर तेच. मग ती कोपऱ्यात गेली. सकाळी जो दगड गार लागला नव्हता, त्यावर तिने पाणी फेकलं. दगडाने ते पिऊन टाकलं. काही वेळाने वरचे तांबूस ओघळ खाली आले, आणि त्यांच्यामागून पांढरे.

"आसवां!" गुणाजी ओरडला.

"आसवं नाहीत, गुणाजी. प्लास्टर आहे. गणपतीच्या मूर्ती करतात ते." मालन पुढच्या कबरीकडे गेली होती. पुढची, त्याच्या पुढची. आंब्याखालच्या सर्वांत रुंद लादीवर तिने बादली पालथी केली. पाणी खाली उतरलंच नाही. जागीच मुरलं, आणि लादीचा मधला भाग फुगला. खालून किंतानाचे, गोणपाटाचे धागे दिसू लागले.

साळव्यांनी काठीने लादीवर ठोकलं. आवाज पोकळ आला.

रतनने हिसडा मारला आणि भिंतीकडे पळ काढला. गुणाजी वाटेत उभा होता. ती पांढरी आसवं दिसल्यापासून पहिल्यांदाच तो त्या कोपऱ्यात आला असावा. त्याने नुसता पाय आडवा घातला. रतन तोंडावर आपटला आणि हवालदार त्याच्या पाठीवर बसला.

मालन लादीवर गुडघे टेकून बसली होती, नखांनी ओलं प्लास्टर उकरत होती. हाक मारावी असं तिच्या मनातही आलं नाही. तिच्याकडून एक उत्तर राहिलं होतं.

"ओ!" ती ओरडली. "ओ, बाई, ओ! मी हय असंय! ओ!"

काहीच नाही. वरून एक विमान गेलं. मालनला वाटलं, उशीर झाला. तिने कान लादीला लावला.

खालून, खूप खालून, कोणीतरी विटेवर वीट आपटली.

*

फळ्या काढल्या तेव्हा खाली विटांनी बांधलेलं तळघर निघालं. त्यात नलिनीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय वाकडा झालेला, ओठ फुटलेले. पांढऱ्या भुकटीने केस पांढरे की वयाने, ते कळत नव्हतं. पाण्याची बाटली रिकामी होती. त्यांना गुणाजीच्या खाटेवर ठेवलं. ॲम्ब्युलन्स यायची होती. मालन चमच्याने त्यांच्या तोंडात पाणी घालत होती.

"आता सांगा, ताई," साळवे म्हणाले. "याच्या तोंडावर सांगा. पाणी घ्या असं तुम्हाला कसं सुचलं?"

मालनने रतनकडे पाहिलं. भीती गेली होती. नुसता संताप होता.

"ब्रशातली पांढरी भुकटी मी सकाळीच खरवडली होती. तेव्हा लक्षात नाही आलं. मग याच्या शेडमध्ये चहाची बादली दिसली. एवढा कोरा चहा कोणी पीत नाही. चौकीत कागदावर चहा सांडला आणि कागद जुना दिसायला लागला. तेव्हा कळलं, हा चहा पिण्यासाठी नाहीच. नवीन वस्तू जुनी दाखवायला आहे."

"स्टुडिओत असंच करतात," साळवे म्हणाले. "बरोबर ना रे, रतन?"

रतन हातावरची पांढरी भुकटी पुसू लागला.

"खरा संगमरवर हा इथून काढून न्यायचा," मालन म्हणाली. "जागेवर प्लास्टरचा दगड बसवायचा, हुबेहूब, त्याच नावाचा. वर चहाचं पाणी. दगड गेलेले कोणाला कळणार? इथे कोणाचं कोणी येत नाही. गुणाजीला भिववून ठेवला की झालं. पावसाने प्लास्टर वितळलं, तर म्हणे बाळं दूध मागतात! गुणाजी दुपारी जेवायला गेला की याचं काम चालू."

"दगड जायचे कुठे?"

रतनने मान खाली घातली. "नव्या बिल्डिंगांत. उलटे करून घासले की कोरे होतात."

"उलटे करून काय बनवायचे?"

"ओटे." तो अडखळला. "देव्हारे."

हवालदाराने कानाला हात लावले.

"याने सगळ्यांना फसवलं, पण दगड धुणारं माणूस येईल हे याच्या हिशेबात नव्हतं," मालन म्हणाली. "बाईंनी दगड घासला आणि अक्षरंच ब्रशात आली."

खाटेवरून बारीक आवाज आला. "मी रतनाक विचारूक निघालंय," नलिनीबाई म्हणाल्या. "ब्रश पडलो वाटेर. मग म्हटलं, आधी दुसरो दगडपण बघूया. परत फिरलंय. लादीवर पाय ठेवलो आणि खाली."

"तू आवाज ऐकून आलास," साळवे रतनला म्हणाले. "आणि बाहेर काढायचं सोडून वर फळ्या टाकल्यास. किंतान प्लास्टरमध्ये बुडवून अंथरलंस. तासाभरात लादी तयार. रात्री ही कण्हत होती तेव्हा गुणाजीने ऐकलं होतं ना?"

"ऐकलंय," गुणाजी रडत म्हणाला. "कानात कापूस घातलंय."

"आणि आज सकाळी ताईंना हाक आली, तेव्हा तूही ऐकलीस. म्हणून जाऊन हातोडा मारत बसलास. पुढची हाक कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून."

"मी आज रात्री काढणार होतो, साहेब. आईशप्पथ."

"जिवंत काढणार होतास की मेलेली?"

हवालदाराने रतनला बेड्या घातल्या आणि जीपकडे नेलं.

*

ॲम्ब्युलन्समध्ये मालन बाईंचा हात धरून बसली होती. बाईंनी डोळे मिटले होते. झोपल्या असतील असं वाटलं, तेवढ्यात त्या बोलल्या.

"सकाळी तुझो आवाज ऐकलंय मी. खूप हाका मारलंय, जये. घसो बसलो माझो."

"मला एकच ऐकू आली, बाई."

"मग एका हाकेक ओ दिवची."

हातोड्याचं सांगता आलं असतं, विमानांचंही. तिने काहीच सबब सांगितली नाही.

"मी घाबरले," ती म्हणाली. "तुमचं भूत आहे असं वाटलं मला. आणि मी पळाले."

जन्मभर ज्यांनी वर्गाला भुतं नसतात असं शिकवलं, त्या बाईंनी मालनचा हात घट्ट धरला.

"भियालंय मीपण," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या काळोखात माका वाटलां, मी मेलंय, आणि आता कोण ओ देवचां नाय."

मालन वाकली आणि तिने बाईंच्या कपाळावर आपलं कपाळ टेकलं.